भावनिक बुद्धिमत्ता प्रत्येक नोकरीत सारखीच उपयोगी पडते का?

नाही, ग्राहक, रुग्ण किंवा हाताखालचे सहकारी यांच्याशी दिवसभर संबंध येणाऱ्या कामात तिचा उपयोग ठळकपणे दिसतो, तर एकट्याने बसून करायच्या तांत्रिक कामात तो बराच कमी असतो. डॅना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यातूनही हाच फरक पुढे आला. कारण समजण्यासारखे आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करणे, त्या समजून घेणे आणि त्यांचे नियमन करणे या क्षमता या बुद्धिमत्तेत येतात. दादरच्या एखाद्या बँकेत, मुसळधार पावसात लोकल रखडल्यामुळे अर्धेच कर्मचारी पोहोचलेले असताना आणि खिडकीसमोर रांग वाढत असताना, समोरच्याचा राग आपल्यावर नसून परिस्थितीवर आहे हे ओळखून शांतपणे काम करणाऱ्याला नेमक्या याच क्षमता लागतात. शाखा व्यवस्थापकाला तर त्या अधिकच हव्यात, कारण त्याच्या चिडचिडीचा परिणाम सगळ्यांच्याच कामावर होतो. मात्र मनुष्यबळ कायमच अपुरे असेल, तर कर्मचाऱ्यांना भावनांवर ताबा ठेवण्याचे प्रशिक्षण देणे हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि तसे करणे माझ्या मते अन्यायाचे आहे. तेथे आधी रिकाम्या जागा भरायला हव्यात.