युद्धात समुद्रावर गेला आणि परतलाच नाही: लोस्टॉफ्टचा टॉम क्रिस्प

तुम्ही विचारलंय की महायुद्धाच्या काळात समुद्रावर हरवलेल्या मच्छीमाराचं आयुष्य कसं होतं आणि घरच्यांना त्याचं काय झालं हे कधी कळायचं का. मी कोळीवाड्यात वाढलो. बोट यायला उशीर झाला की बंदरावर उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे उत्तर लिहायला घेतलं.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लोस्टॉफ्ट नावाचं बंदर आहे. टॉम क्रिस्प तिथलाच, जन्म 1876 चा. आपण ज्याला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो तेच त्याचं काम: शिडाच्या बोटीवर खलाशी घेऊन उत्तर समुद्रात ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, ओढायचा. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अशा बोटींवर महागडा टॉर्पेडो वाया घालवत नसत. वर येऊन खलाशांना छोट्या होडीत उतरवायचं आणि बोटीवर बॉम्ब ठेवून ती बुडवायची. 1915 मध्ये क्रिस्पची बोट पाणबुडीने बुडवली. मग तो नौदलाच्या राखीव दलात गेला. काम तेच राहिलं, फक्त बोटीवर एक छोटी तोफ आली. मासे पकडत राहायचं आणि पाणबुडी जवळ आली की गोळे डागायचे. मुलगाही त्याच बोटीवर होता, त्याचं नावही टॉमच.

15 ऑगस्ट 1917 च्या दुपारी ‘नेल्सन’ बोटीचं जाळं पाण्यात असताना पाणबुडी दिसली. तिच्या तोफेचा पल्ला लांब होता, यांचे गोळे तिथवर पोचतच नव्हते. एक गोळा थेट क्रिस्पला लागला आणि कमरेखालचं शरीर चिरडलं. तशाही अवस्थेत त्याने कबुतराबरोबर निरोप पाठवायला लावला, गुप्त कागद समुद्रात टाकायला लावले. मग मलाही पाण्यात टाका म्हणाला. मुलाच्याने ते झालं नाही. बाप त्याच्याच हातांत गेला आणि बोटीबरोबर बुडाला. बाकीचे जवळजवळ दोन दिवसांनी सापडले. बापाला मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, राजाच्या हातून मुलानेच घेतला. क्रिस्पची बायको त्याच वर्षी, त्याच्या आधीच वारली होती.

पण मला जास्त छळते ती सोबतची बोट, ‘एथेल अँड मिली’. तिच्या तांडेलाने ‘नेल्सन’वरून होडीत उतरलेल्या लोकांना आपल्या बोटीवर बोलावलं होतं. बोटीवर भार होईल म्हणून ते गेले नाहीत, आणि म्हणूनच वाचले. नंतर जर्मनांनी त्या बोटीवरच्या सात जणांना पकडलं. होडीतून शेवटचं दिसलं ते एवढंच: सातही जण पाणबुडीच्या डेकवर रांगेत उभे. क्रिस्पचं शेवटी काय झालं हे सांगायला त्याचा मुलगा तरी होता. त्या सात जणांचा पुढे काहीच पत्ता लागला नाही.