वाचकांचे प्रश्न: उलटलेला रक्ताचा कर्करोग आणि गुणसूत्रांचा नवा अहवाल

प्रश्न: आमच्या मुलाला पाचव्या वर्षी रक्ताचा कर्करोग (ए.एल.एल.) झाला. केमोथेरपी पूर्ण झाली, तो शाळेत जाऊ लागला. पण उपचार संपून वर्ष होऊन गेल्यावर आजार उलटला. पहिल्या अहवालात 12 आणि 21 क्रमांकांच्या गुणसूत्रांमधील अदलाबदल नोंदवली होती आणि हा प्रकार चांगला प्रतिसाद देणारा असल्याचे सांगितले होते. नव्या अहवालात ती अदलाबदल आहेच, शिवाय 17 क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गहाळ आहे. पहिली तपासणी चुकली होती का? आम्ही कापूस पिकवतो. फवारणीमुळे किंवा घराण्यातून हे आले का? धाकट्या मुलीला धोका आहे का? — एक पालक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर: पहिली तपासणी चुकली असे मानण्याचे कारण आपल्या पत्रात दिसत नाही. 12 आणि 21 यांची अदलाबदल दोन्ही अहवालांत आहे, याचा अर्थ हा बहुधा नवा आजार नसून जुन्याच आजाराची शाखा आहे. ही अदलाबदल अनेक मुलांमध्ये जन्मापूर्वीच घडलेली असते. ती एकटी आजारासाठी पुरेशी नसते आणि पुढचे बदल नंतर होतात. निदानाच्या वेळी सर्व रोगपेशी एकसारख्या नसतात. कपाशीवर एकच औषध फवारत राहिल्यास त्याला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. केमोथेरपीनंतरही असेच घडू शकते. अशा पेशी सुरुवातीला इतक्या कमी असतात की नेहमीच्या तपासणीत त्या सापडत नाहीत, कारण गुणसूत्रांच्या तपासणीत साधारणपणे वीसच पेशी बारकाईने पाहिल्या जातात. काही बदल उपचारांच्या काळातही घडतात. तरीही त्या उपचारांशिवाय आपला मुलगा पहिल्या आजारातून सावरला नसता, हे मनात पक्के धरावे.

17 क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर टीपी53 हे जनुक असते. बिघडलेल्या पेशीला थांबवणे किंवा मरण्यास भाग पाडणे हे त्याचे काम. गहाळ तुकडा याच भागातील असेल, तर नेहमीची औषधे कमी परिणाम करू शकतात, म्हणून डॉक्टर अधिक तीव्र उपचारांचा विचार करतील. दुसरीकडे, उपचार संपून सहा महिन्यांहून अधिक काळ गेल्यानंतर उलटलेला आजार हा लवकर उलटलेल्या आजारापेक्षा उपचारांना अधिक दाद देतो. त्यामुळे केवळ गहाळ तुकड्यावरून निष्कर्ष काढू नये. नव्या उपचारांच्या पहिल्या टप्प्यानंतर अस्थिमज्जेत (हाडांतील रक्त तयार करणाऱ्या मगजात) उरलेल्या रोगपेशी मोजणारी एम.आर.डी. चाचणी पुढील निर्णयात फार महत्त्वाची ठरते. त्या आकड्यावर आणि अहवालावर मिळून ब्लिनाट्युमोमॅब (शरीराच्या प्रतिकारपेशींना रोगपेशींवर वळवणारे औषध) किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार होतो.

मराठवाड्यातील पालकांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आजार उलटल्याची शंका येताच, अस्थिमज्जेचा नमुना घेण्यापूर्वी ताप किंवा अंगदुखीसाठी कोणी स्टेरॉइड देऊ नये, कारण त्याने रोगपेशी घटतात आणि अहवाल अस्पष्ट होतो. गुणसूत्रांच्या चाचणीसाठी पेशी जिवंत लागतात. नमुना मुंबई-पुण्याला जाणार असेल, तर तो उन्हात न ठेवता लवकर पोहोचावा, हे रुग्णालयाला विचारून घ्यावे. जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत, म्हणजे नव्या अहवालाशी तुलना करता येते. कोणत्या चाचण्यांचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. उपचारांसाठी मुंबईला जावे लागल्यास, बालरुग्ण आणि पालकांना विनाशुल्क निवास देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था तेथे आहे.

फवारणीच्या संपर्काचा आणि बालवयातील या आजाराचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे, म्हणून मुलांना फवारणीपासून दूर ठेवणे योग्यच. मात्र एखाद्या मुलाचा आजार त्यामुळेच झाला असे ठरवता येत नाही. आईच्या आहारावर किंवा ग्रहणावर दोष ठेवण्याला तर काहीच आधार नाही, आणि घरातील वडीलधाऱ्यांना हे आपण स्वतः सांगावे. अहवालातील बदल सहसा रोगपेशींपुरतेच असतात, ते आई-वडिलांकडून आलेले नसतात. टीपी53 मधील दोष क्वचित जन्मजात असू शकतो, म्हणून तो निरोगी पेशींतही आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. तसे नसेल, तर धाकट्या मुलीच्या गुणसूत्रांची तपासणी करण्याची गरज नाही. प्रत्यारोपण ठरल्यास मात्र तिची एच.एल.ए. जुळणी (पेशींवरील ओळखखुणा भावाशी जुळतात का) तपासतील, सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती जुळली नाही तर आई-वडिलांपैकी एकाची अर्धी जुळणारी अस्थिमज्जा वापरण्याचा पर्यायही असतो.