प्रोलॉगमधला तर्क
नागपुरातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, 'प्रोलॉग' या संगणकभाषेचे नाव नाटकाच्या प्रोलॉगवरून, म्हणजे नांदीवरून पडले काय, आणि तिला मराठीत 'तर्कभाषा' म्हणता येईल काय.

नांदीचा येथे काडीचाही संबंध नाही, आणि ही व्युत्पत्ती शिकवणी वर्गांतून अजूनही बिनदिक्कत सांगितली जाते, याचा मला संताप येतो. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोल्मेरोअर आणि फिलिप रूसेल हे संगणकाशी फ्रेंचमध्ये संवाद साधता यावा यासाठी झटत होते. त्या खटपटीतून जन्मलेल्या भाषेला 'प्रोग्रामास्यों आं लोजीक', म्हणजे तर्काने आज्ञावली लिहिणे, या शब्दांतील 'प्रो' आणि 'लोग' जोडून रूसेल यांच्या पत्नीने हे नाव सुचवले. एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांनी या भाषेला तर्कशास्त्राची बैठक दिली.

आता 'तर्क'. मराठीत तर्क म्हणजे अंदाज, म्हणून येथे 'लॉजिक'साठी 'अनुमान' हाच शब्द हवा, असे काही जाणकार आग्रहाने सांगतात. त्यांनी न्यायशास्त्र, म्हणजे भारतीय तर्कविद्येचे न्यायदर्शन, उघडूनच पाहिलेले दिसत नाही. तेथे तर्क म्हणजे मुद्दाम उलट गृहीत धरून अनिष्ट निष्कर्षापर्यंत जाणे: डोंगरावर अग्नी नसता, तर धूरही नसता, पण धूर तर दिसतो आहे. ॲलन रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेली आणि प्रोलॉगच्या मुळाशी असलेली 'रिझोल्यूशन' पद्धत नेमकी अशीच चालते. रामटेक नागपूर जिल्ह्यात आहे आणि नागपूर जिल्ह्यातील प्रत्येक गाव विदर्भात मोडते, एवढे सांगून 'रामटेक विदर्भात आहे काय?' असे विचारले, की 'नाही' असे धरून चालायचे, त्यातून विसंगती काढायची आणि मगच 'होय' म्हणायचे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, तर्काला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, न मानता प्रमाणाचा साहाय्यक मानतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु येथे प्रश्न पद्धतीचा आहे, आणि त्या पद्धतीला 'अनुमान' म्हटल्याने तिचे उलटे पाऊलच झाकले जाते.

'तर्कभाषा' मात्र केशवमिश्रांच्या न्यायशास्त्रावरील ग्रंथाचे नाव असल्याने घोटाळा होईल. विशेषनाम 'प्रोलॉग'च ठेवावे, आणि तर्काने आज्ञावली लिहिण्याच्या त्या प्रकाराला 'तर्काधारित आज्ञावली' म्हणावे.