वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरचा क्लच घरी बदलताना

उसाचा हंगाम जवळ आला की क्लचविषयीची पत्रं वाढतात. पुणे जिल्ह्यातून आलेली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण हे काम घरी करायला निघालेल्या प्रत्येकाला त्यातलं बरंचसं लागेल.

प्रश्न : आमच्याकडे जुना मॅसी १०३५ आहे, सिंगल क्लचचा. उसाची ट्रॉली चढाला लागली की इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर ओढत नाही. जळका वासही येतो. दारात सपाट कोबा आहे, एक टनाची चेन-पुली आहे आणि धाकट्या भावाला पान्यांचं काम जमतं. क्लच घरी बदलता येईल का? काय काय आणावं लागेल?
— एक वाचक, न्हावरे, ता. शिरूर

उत्तर : येईल. पण ट्रॅक्टर खोलण्याआधी पेडल तपासा. पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला ते सहज, सैल दबलं पाहिजे आणि मग जोर लागायला हवा. हा सैलपणा बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत २० ते ३० मिमी असतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत मिळेल. क्लच प्लेट झिजत जाते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं (छोटे लिव्हर) रिलीज बेअरिंगकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर त्या बोटांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे, सरकतात आणि हा सैलपणा आपोआप कमी होतो. तो शून्यावर आला की पेडलवर पाय नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. असं असेल तर क्लचच्या दांडीच्या टोकाचा आटेदार चिमटा फिरवून सैलपणा परत आणा आणि पुन्हा चालवून बघा. काही वेळा काम एवढ्यावरच भागतं.

सैलपणा बरोबर असूनही घसरत असेल तर मोकळ्या जागी एकदाच चाचणी घ्या. ट्रॉली सोडलेली, समोर माणूस नाही, दोन्ही ब्रेक जोडून घट्ट दाबलेले, वरचा गिअर, इंजिन मध्यम गतीवर, आणि क्लच सावकाश सोडा. चांगला क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. दोन-तीन सेकंदांत पेडल परत दाबा, नाहीतर उरलेली प्लेटही याच चाचणीत जळेल.

आता बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाचं छोटं भोक पाहा. त्यातून तेल ठिबकत असेल तर नुसती प्लेट बदलून उपयोग नाही. काळं, पातळ तेल म्हणजे इंजिनाचं मागचं सील गेलं. दाट, पिवळसर आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं तेल गिअर बॉक्सकडून येतं, म्हणजे इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअर बॉक्समध्ये जाणाऱ्या शाफ्टचं) सील. तेलाने माखलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणारे पुष्कळ आहेत. लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या अस्तरात, मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं आणि क्लच पुन्हा घसरतो.

सामान एकदमच आणा : क्लच प्लेट, प्रेशर प्लेटची असेंब्ली, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं (इंजिनामागच्या जड चाकातलं) पायलट बेअरिंग, ज्यात इनपुट शाफ्टचं टोक बसतं, इंजिनाचं मागचं सील, इनपुट शाफ्टचं सील, क्लच फोर्कच्या शाफ्टचे बुश. या कामात खरी मेहनत ट्रॅक्टर मधून वेगळा करण्याची असते, सुटे भाग बसवायला फार वेळ लागत नाही. स्वस्तातलं पायलट बेअरिंग वाचवलं आणि ते सहा महिन्यांत अडकलं, तर सगळा ट्रॅक्टर पुन्हा खोलावा लागतो. जुनी प्लेट आधी हातात घेऊन दुकानात जाणं शक्य नसतं, म्हणून इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर लिहून न्या. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळी प्लेट आलेली असू शकते. घरी आल्यावर नवी प्लेट जुन्या शेजारी ठेवून व्यास आणि स्प्लाइनचे (मधल्या भोकातले) दात मोजल्याशिवाय बॉक्स टाकून देऊ नका.

दोन माणसांना साधारण दीड दिवस धरा. पहिलं काम बॅटरीचं. आधी निगेटिव्ह तार काढायची. पुढची वजनं लावली असतील तर उतरवा, नाहीतर वेगळा झालेला पुढचा भाग नाकावर कोसळतो. मग बॉनेट, दिव्यांच्या तारा, थ्रॉटलची दांडी, डिझेलचे पाइप आणि इंजिन बंद करायची तार काढा. तापमानाच्या काट्याची बारीक तांब्याची नळी असेल तर ती कधीही कापू नका. रेडिएटरचं पाणी कमी करून ती इंजिनाच्या बाजूने उघडा. स्टीअरिंगची ड्रॅग लिंक सोडवा. काही मॉडेलना ती दोन्ही बाजूंना असते. तुमच्या मॅसीचा हायड्रॉलिक पंप मागच्या हाउसिंगमध्ये आहे, त्यामुळे लिफ्टचे पाइप सोडवावे लागणार नाहीत. ज्यांचा पंप इंजिनावर आहे त्यांनी ते सोडवून तोंडं स्वच्छ फडक्याने बांधावीत. शेवटी स्टार्टर काढा.

सगळ्यात धोक्याची गोष्ट पुढच्या अॅक्सलची आहे. तो मधल्या पिनवर डोलतो. ट्रॅक्टर अखंड असताना मागची चाकं इंजिनाला तोलून धरतात. इंजिन वेगळं झालं की ते त्या एकाच पिनवर उभं असतं आणि बाजूला कलंडतं. म्हणून अॅक्सल आणि त्याच्या वरच्या बैठकीच्या मध्ये दोन्ही बाजूंनी कडक लाकडाच्या पाचरी घट्ट ठोका. त्या हातोडीनेच निघतील इतक्या बसायला हव्यात. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. गिअर बॉक्सखाली लोखंडी घोडी ठेवा, इंजिनाच्या मागच्या टोकाला चाकांचा जॅक. जॅक पत्र्याच्या संपवर (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीवर) टेकवायचा नाही. विटा आणि दगड आधाराला घेऊ नका, वीट न सांगता फुटते. चेन-पुली शेडच्या अँगलला टांगण्याचा मोहही टाळा. या वर्गातला ट्रॅक्टर १७०० ते २००० किलोचा असतो. त्याचा अर्धा भारही पत्र्याची शेड झेलणार नाही.

बेल हाउसिंगचे बोल्ट काढताना कोणता कुठला हे पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात अडकवून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. मॅसी १०३५ आणि महिंद्रा बी-२७५ यांसारख्या ब्रिटिश वळणाच्या ट्रॅक्टरांत इंची आटे सापडतात, झेटर घराण्यातल्या एचएमटी २५११ ला मेट्रिक. हरवलेल्या इंची बोल्टच्या जागी मेट्रिक दामटला की आटे मेलेच. सगळे निघाल्यावर जॅकची उंची जुळवत पुढचा भाग सरळ रेषेत दीड-दोन फूट पुढे घ्या. अडकला तर पहारीने उचकटू नका, राहिलेला बोल्ट शोधा.

आत जी काळी धूळ दिसेल तिला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. तोंडाला मास्क लावा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, एका वेळी अर्धा फेरा असे ढिले करा. एकच बाजू मोकळी केली तर कव्हर वाकतं.

फ्लायव्हीलकडे नीट वेळ देऊन पाहा. निळसर डाग म्हणजे उष्णता झाली. ते पातळ असतील तर चालतात. नखाला चर लागत असेल किंवा केसासारख्या भेगा असतील तर फ्लायव्हील उतरवून लेथवर न्या. उतरवण्याआधी क्रँकच्या तोंडावर खूण करा. भोसरीकडे हे काम करणारे लेथ मिळतात, तालुक्याच्या गावीही असतात. ज्या फ्लायव्हीलमध्ये प्लेट खोलगट भागात बसते, तिथे लेथवाल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा : आतला पृष्ठभाग जेवढा कापला तेवढाच बाहेरचा, कव्हर बसतं तो पृष्ठभागही कापायचा. फक्त आतला कापला तर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि नवी प्लेट पहिल्याच ट्रॉलीला घसरते.

जुनं पायलट बेअरिंग काढायला खास पुलर नसला तरी चालेल. मागची पोकळी ग्रीसने गच्च भरा, बेअरिंगच्या भोकात चपखल बसणारा गोल रॉड घाला आणि हातोडीने ठोका. ग्रीसच्या दाबाने बेअरिंग बाहेर येतं. नवं बेअरिंग बाहेरच्या कड्यावर ठोकूनच बसवायचं. रिलीज बेअरिंग सीलबंद असेल तर डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

प्लेट बसवताना तिच्यावरची फ्लायव्हीलच्या बाजूची खूण पाहा. ती मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट किंवा लेथवर काढलेला लाकडी डमी वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे करत कसा. ८ मिमीच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि १० मिमीच्या बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर पुरतात. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. घट्ट झाल्यावर डमी हाताने आत-बाहेर सरकला पाहिजे. मग बोटांची उंची फ्लायव्हीलपासून मोजा. सगळ्या बोटांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर क्लच सोडताना ट्रॅक्टर हिसके देतो. स्प्लाइनला ग्रीसचं नुसतं बोट फिरवा. जास्त लावलं तर फिरताना उडून ते लायनिंगवरच जातं.

जोडताना लोकांचा धीर सुटतो तो शेवटच्या अर्ध्या इंचाला. दोन्ही भाग जवळ आले, फट राहिली, आणि बोल्टने ओढून घेऊ असं वाटतं. ओढू नका. फट राहिली म्हणजे शाफ्टचे दात प्लेटच्या दातांत बसलेले नाहीत, किंवा शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगसमोर आलेलं नाही. गिअरमध्ये टाकून स्टार्टरच्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात स्क्रू ड्रायव्हरने किंचित फिरवा, जॅक एक-दोन मिलिमीटर वर-खाली करा. हाताच्या रेट्याने फट मिटली पाहिजे. बोल्टने ओढलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो. गिअर बॉक्सचा भारही प्लेटवर लटकत ठेवू नका, प्लेट तेवढ्यानेही वाकते.

सगळं जोडून झाल्यावर पेडलचा सैलपणा लावा आणि पहिले आठ-दहा तास हलकं काम करा. त्यानंतर सैलपणा पुन्हा तपासा, पुढे दर ५० तासांनी. उसाच्या ट्रॉलीला लगेच जुंपू नका.

प्रश्न : महिन्यापूर्वी नवी प्लेट टाकली. आता गिअर टाकताना करकर आवाज येतो, रिव्हर्स तर लागतच नाही. मेकॅनिक म्हणतो प्लेट नवी आहे, घासून जागेवर येईल.
— एक वाचक, सासवड

उत्तर : घासून येणार नाही. बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. आधी एक साधी परीक्षा घ्या. ट्रॅक्टर उभा, इंजिन मंद, पेडल तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. जुन्या सरकत्या गिअरच्या ट्रॅक्टरांत दाते थांबायला एवढा वेळ लागतोच. थांबल्यावर आवाज न करता गिअर पडला तर क्लच ठीक आहे, घाई होत होती. तरीही करकरला तर पेडलचा सैलपणा मोजा. तो फार जास्त असेल तर पेडल तळाला जाऊनही बोटं पुरेशी दबत नाहीत. दांडी आवळून बघा. यानेही फरक पडला नाही तर उरतात तीन कारणं : प्लेट उलटी बसली, जोडताना वाकली, किंवा पायलट बेअरिंग अडकून शाफ्टला फिरवत ठेवतंय. हाउसिंगला तपासणीचं झाकण असेल तर इंजिन बंद ठेवून एकाला पेडल दाबायला सांगा आणि टॉर्चने बोटं पाहा. सगळी सारखी दबत नसतील तर उंची चुकली आहे. यांपैकी काहीही असलं तरी ट्रॅक्टर पुन्हा खोलावा लागेल. तसाच चालवला तर गिअरचे दाते खराब होतील आणि तो खर्च क्लचच्या कितीतरी पुढचा आहे.

प्रश्न : चिखलणी झाल्यावर ट्रॅक्टर दीड महिना शेडमध्ये उभा होता. आता क्लच दाबला तरी सुटतच नाही.
— एक वाचिका, कामशेत, ता. मावळ

उत्तर : भातखाचरातलं पाणी तळाच्या भोकातून बेल हाउसिंगमध्ये गेलं आणि प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली. लगेच खोलायला जाऊ नका. भोक तारेने मोकळं करून पाणी निघून जाऊ द्या. इंजिन न्यूट्रलमध्ये अर्धा तास चालवून गरम करा, बंद करा आणि पेडल तळापर्यंत दाबून लाकडाच्या तुकड्याने रात्रभर तसंच अडकवून ठेवा. कित्येकदा सकाळी प्लेट सुटलेली असते. नाहीच सुटली तर मोकळ्या शेतात, समोर आणि मागे कोणी नसताना, वरच्या गिअरमध्ये पेडल दाबून धरून स्टार्टर मारा. ट्रॅक्टर लगेच चालू लागेल, याची तयारी ठेवा. चालताना पेडल दाबलेलंच ठेवून ब्रेक थोडे थोडे मारा. हे अंगणात किंवा घराजवळ करू नका. गिअरमध्ये स्टार्ट होऊ न देणारा सुरक्षा-स्विच असेल तर तो तार जोडून चुकवू नका, तिथे मेकॅनिकला बोलवा.

पुढच्या वर्षी चिखलणीआधी त्या भोकाला प्लग लावा आणि काम संपलं की त्याच दिवशी काढा. प्लग कायमचा राहिला तर सीलमधून झिरपलेलं तेल आतच साठतं आणि प्लेटला लागतं. लांब मुदतीने उभा करायचा असेल तेव्हा पेडल दाबून अडकवून ठेवणंच उत्तम.

प्रश्न : डबल क्लचचा ट्रॅक्टर. गाडी ओढतो चांगला, पण रोटाव्हेटर जड जमिनीत थांबतो. शिवाय प्लेटला नवं लायनिंग मारून घ्यावं की नवी घ्यावी?
— एक वाचक, नारायणगाव, ता. जुन्नर

उत्तर : गाडी ओढते आहे म्हणजे मुख्य प्लेट ठीक आहे, पीटीओची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) प्लेट घसरते. आधी पीटीओच्या बोटांचं अंतर तपासा, ते उरलं नसेल तर सेटिंगनेही सुटू शकतं. प्लेटच गेली असेल तर ही असेंब्ली घरी उघडू नका. तिच्या स्प्रिंग दाबलेल्या असतात आणि सुटल्या तर हात मोडेल एवढ्या जोराने उडतात. उघडायला प्रेस आणि बोटांची उंची लावायला गेज लागतं. घरी ट्रॅक्टर खोला, असेंब्ली उतरवून वर्कशॉपला द्या आणि सेट होऊन आली की घरीच बसवा.

लायनिंगचं म्हणाल तर, मधल्या स्प्रिंग ढिल्या नसतील, स्प्लाइनचे दात झिजलेले नसतील आणि प्लेट सपाट असेल तरच जुन्यावर लायनिंग मारावं. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागाच्या खाली बसली आहेत ना, हे घेताना बोट फिरवून पाहा. वर राहिलेली डोकी फ्लायव्हीलला चर पाडतात. बटणाची प्लेट (अस्तराऐवजी कडक गोल तुकडे बसवलेली) मात्र तुमच्या कामाला घेऊ नका. ती उष्णता सोसते, पण झटक्याने पकडते आणि प्रत्येक झटका गिअर बॉक्स आणि पीटीओ शाफ्टवर जातो.