वजन बरोबर आहे, मग आजार कसला?

"जेवण झालं की ही लगेच बाथरूममध्ये जाते, नळ सोडून ठेवते. पण वजन तर बरोबर आहे तिचं! मग आजार कसला, मॅडम?"

मुलीला घेऊन आलेल्या बऱ्याच आयांना हाच प्रश्न पडलेला असतो. बुलिमियात (बकाबका खायचं आणि मग उलटी काढून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन ते भरून काढायचं, असा हा खाण्याचा आजार) वजन बहुतेकदा चारचौघींसारखंच राहतं, आणि वजनकाट्यावर विसंबल्यामुळेच हा आजार नजरेतून निसटतो.

ही मुलगी १९ वर्षांची. फॅमिली डॉक्टरांकडे तिची तक्रार होती थकव्याची आणि पायात गोळे येण्याची. हिमोग्लोबिन, थायरॉइड ठीक आले आणि टॉनिकवर काम भागलं. कानाखाली दोन्ही बाजूंना सूज, वरच्या दातांचं आतून झिजलेलं एनॅमल, बोटांच्या सांध्यांवर घट्टे: वरचेवर उलटी काढण्याच्या या खुणा बघायला दोन मिनिटं पुरली असती.

आईला बाहेर बसवून मुलीला 'स्कॉफ'चे, म्हणजे खाण्याच्या आजाराचा अंदाज घेणारे, पाच प्रश्न विचारले. पोट फार भरल्यासारखं वाटलं की उलटी काढतेस? खाण्यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते? तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरलं? लोक बारीक म्हणत असूनही स्वतः जाड वाटतेस? खाण्याचेच विचार दिवसभर डोक्यात असतात? दोन 'हो' आले तरी खोलात जायचं असतं (निदान मात्र एवढ्यावर करायचं नाही). तिचे तीन आले. आईसमोर विचारलं असतं तर बहुधा एकही आला नसता.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवलं, पोटॅशियम आणि ईसीजीसाठी. उलट्या आणि जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं, त्यातून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तिचं ३.१ निघालं, ३.५ च्या खाली ते कमीच. ईसीजी ठीक होता, म्हणून पोटॅशियम तोंडावाटे देऊन पुन्हा तपासणी ठरली. रक्त नॉर्मल आलं असतं तरी आजार नाही असं म्हणता आलं नसतं.

समुपदेशनात आधी उलट्यांना हात घालत नाहीत, उपाशी राहण्याला घालतात. दिवसभर पोट मारलं की रात्री बकाबका खाल्लं जातं, मग अपराधी वाटतं, मग उलटी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. म्हणून तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांहून जास्त खंड नाही. खाल्लेलं त्याच वेळी वहीत लिहायचं, वजन आठवड्यातून एकदाच. "जाड होईन," ती म्हणालीच. पण उलटीनं सगळं खाल्लेलं बाहेर पडत नाही, हे बहुतेकींना माहीत नसतं. उलटी झालीच तर लगेच ब्रश करायचा नाही, नुसती चूळ भरायची. आम्लानं मऊ झालेलं एनॅमल घासलं की आणखी झिजतं.

प्रौढांत फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरचं औषध) दिवसाला ६० मिग्रॅपर्यंत डॉक्टर देऊ शकतात, पण एकट्या औषधावर विसंबू नये. मुलगी १८ च्या आतली असती तर उपचार कुटुंबाला सोबत घेऊनच सुरू झाले असते.

आईला एवढंच सांगितलं: ताटावर बसून कॅलरी, वजनाचा विषय काढू नका, बाथरूमच्या दाराशी पहारा नको, जेवणानंतर तासभर तिच्यासोबत काहीतरी करा. मात्र चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा उलटीत रक्त दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता थेट इस्पितळात न्या.