‘नसबंदी’तली बंदी आणि ‘करून घेतली’

ताई, तुमचा प्रश्न असा: ‘नसबंदी’तली ‘बंदी’ दारूबंदीतलीच का? तसं असेल तर ‘सक्तीची नसबंदी’ ही द्विरुक्ती होते का?

नाही होत. फारसी ‘बंदी’चा मूळ अर्थ बांधणं. पन्हाळ्याची तटबंदी त्यातलीच. मनाईचा अर्थही त्याच शब्दाला आहे: दारूबंदी, आपल्या ऊसपट्ट्यातली एकेकाळची झोनबंदी (हद्दीबाहेरच्या कारखान्याला ऊस द्यायला मनाई). नसबंदी मात्र बांधण्यातली. (ती ‘नस’ही रक्ताची नव्हे, शुक्रवाहिनी. ‘नस कापली की ताकद जाते’ या पुरुषांच्या भीतीला या शब्दानेच खतपाणी घातलं, असं मला वाटतं.)

तरी तुमच्या कानाला त्यात हुकूम ऐकू येतो, तो उगाच नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक राज्यांत शिक्षकांनाही ‘केसेस’ आणायचं उद्दिष्ट होतं. माणसाला ‘केस’ म्हणायचं! आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्ती करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. १९७७ नंतर ‘कुटुंब नियोजन’ जाऊन ‘कुटुंब कल्याण’ आलं. तेव्हा ‘सक्तीची’ हे विशेषण गाळू नका.

पण खरी मेख क्रियापदात आहे. ‘ऑपरेशन करून घेतलं’ म्हटलं की त्या बाईची इच्छा त्यात आली. शिवाजी पेठेत आमच्या शेजारी एक काकी राहायच्या. त्यांना मी सहज विचारलं, “ऑपरेशन कधी करून घेतलंत?” निवडत असलेली मेथी तशीच हातात राहिली.

“म्या कुठं करून घेतलं? दुसऱ्या बाळंतपणात डाक्टरांनीच करून टाकलं. मला इचारलंबी न्हाई. कागदावर अंगठा हुता म्हणं.”

‘करून घेतलं’ आणि ‘करून टाकलं’ यांत किती अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका डॉक्टरांनी काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली, आणि त्यातल्या अनेक जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. अशा बातमीत ‘महिलांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या’ असं सर्रास छापतात. त्यांना विचारलं होतं का, हे ठाऊक नसेल तर ‘झाल्या’ लिहा.