आधी नाडी, मग हाडांची नावं

रुग्णसेवेचं काम शिकताना सुरुवातीलाच सगळी हाडं पाठ करत बसू नकोस. आधी नाडी आणि श्वास अचूक मोजायला शीक. तर्जनी आणि मधलं बोट रुग्णाच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेव. स्वतःचा अंगठा टेकवलास तर तुझेच ठोके मोजशील. 30 सेकंद मोजून दुप्पट कर. ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिट. प्रौढाची नाडी विश्रांतीत 60 ते 100. तालमीतल्या पैलवानाची 50 सुद्धा असते. तो नीट बोलतोय, चक्कर नाही, तर घाबरू नकोस. बोटं तशीच ठेवून छातीकडे बघ आणि श्वास मोज, 12 ते 20. सांगून मोजलंस की माणूस श्वासाची लय बदलतो.

शब्द तोडून शीक: टॅकी जलद, ब्रॅडी मंद, कार्डिया ठोक्यांसाठी, प्निया श्वासासाठी. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून 'शुगर 45' असा आकडाच सांग. डावं-उजवं नेहमी रुग्णाचं.

सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, पण आपल्या कोल्हापुरात तर सीपीआर म्हणजे दवाखानाही! गडबडीत नुसतं 'सीपीआर' म्हणू नकोस. 'छाती दाबायला लाग' म्हण: मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दे.